अक्षरांचे लहानमोठेपण

१

महाराष्ट्रातील जुन्या शाळांमधून इंग्रजीच्या अध्ययनाचा आरंभ 'चार लिप्यां'नी होत असे. छापील मोठी, छापील लहान आणि जोडून लिहावयाची मोठी व लहान अशा या चार लिप्या विद्यार्थी पाटीवर गिरवून काढी आणि एकाच वर्णाची चार रूपे मुखोद्गत करी. या शालेय परिभाषेत एक ऐतिहासिक सत्य नकळत जपले गेले आहे. ज्यांना कॅपिटल आणि स्मॉल असे म्हटले जाते ती अक्षरे आरंभी एकाच वर्णमालेची दोन रूपे नव्हती. निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या साधनांनी आणि निरनिराळ्या प्रयोजनांसाठी घडलेल्या त्या दोन लिप्या होत्या. पुढे त्या एका घरात नांदू लागल्या, त्यांच्यात थोरल्या-धाकट्याचे नाते जुळले आणि अखेरीस त्या दोहोंमधील अंतर एका अंकाने सांगता येईल इतके निश्चित झाले.

तो अंक म्हणजे ३२. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्याला जे प्राथमिक धडे दिले जातात त्यांत एक धडा हमखास असतो : शब्दांची एक रांग घ्यावी आणि तिच्यातील सारी अक्षरे लहान किंवा सारी मोठी करावीत. अशा रांगेला संगणकाच्या परिभाषेत 'अ‍ॅरे' म्हणतात. एकापुढे एक मांडलेले, क्रमांक दिलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक वस्तू, अशी ती रचना होय. प्रत्येक कप्प्यापाशी जावे, आत मोठे अक्षर असेल तर त्याच्या संकेतांकात ३२ मिळवावे आणि पुढे सरकावे, इतकेच काम. ते इतके सोपे आहे की त्यामागे काही गृहीत धरले आहे याची शंकाही शिकणाऱ्याला येत नाही. वस्तुतः त्यात दोन हजार वर्षांचा एका विशिष्ट लिपीचा इतिहास गृहीत धरलेला आहे. त्या इतिहासाबाहेरची भाषा त्या कप्प्यात आली म्हणजे काय घडते, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही. माणसांची नावे, ग्रंथांची शीर्षके आणि शब्दांचे अर्थ यांच्याशी त्याचा संबंध पोहोचतो.

२

इ. स. ११३ मध्ये रोम येथे उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावरील लेख हा रोमन शिलाक्षरांचा सर्वश्रेष्ठ नमुना मानला जातो. त्यातील सर्व अक्षरे दोन समांतर रेषांच्या मर्यादेत उभी आहेत. तेथे लहान अक्षर एकही नाही, कारण लहान अक्षर ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. मेणाच्या पाट्यांवर आणि पपायरसवर दैनंदिन व्यवहार लिहिताना रोमन लोक वेगळे, वेगाने धावणारे वळण वापरीत. ग्रंथलेखनासाठी पुढे गोलाईकडे झुकणारी अन्शियल आणि अर्ध-अन्शियल ही वळणे आली. लेखणीच्या वेगाने काही अक्षरांचे दांडे रेषेच्या वर गेले, काहींच्या शेपट्या खाली उतरल्या. लहान अक्षरांची चार रेषांची चौकट अशी हळूहळू तयार झाली.

या विस्कळीत परंपरेला आठव्या शतकाच्या उत्तरार्धात शिस्त लाभली. सम्राट शार्लमेन याने ७८९ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात धर्मग्रंथांच्या प्रती शुद्ध असाव्यात असा आग्रह धरला. कॉर्बीसारख्या मठांतील लेखनशाळांत एक सुटसुटीत, सुवाच्य वळण आकार घेत होते. ७९६ ते ८०४ या काळात तूर येथील मठाचा अधिपती असलेला अल्क्विन हा शार्लमेनच्या विद्याकार्यातील अग्रणी होता. त्या मठाच्या लेखनशाळेतूनही या वळणाच्या देखण्या प्रती पुढे बाहेर पडल्या. शार्लमेनच्याच नावाने 'कॅरोलिंजियन' म्हणून ओळखले जाणारे हे वळण आजच्या लहान अक्षरांचे पूर्वज होय. त्या काळच्या पोथ्यांत लिप्यांची एक उतरंड दिसते. ग्रंथाचे नाव जुन्या शिलाक्षरांच्या धर्तीवर, प्रकरणाचा आरंभ अन्शियलमध्ये आणि मजकूर नव्या लहान वळणात. तीन लिप्या एका पानावर होत्या. परंतु अमुक मोठ्या अक्षराचे अमुक लहान अक्षर हे जोडीदार, अशी नियमबद्ध सांगड अद्याप पडलेली नव्हती.

मराठी वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी भाषा दोन लिप्यांत लिहिली जात होती. पोथी-पुराणांना बाळबोध, तर दप्तराला, हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला मोडी, अशी कामांची वाटणी होती. एक सावकाश आणि सुटी, दुसरी हात न उचलता धावणारी. मात्र वाक्याच्या आरंभी बाळबोध अक्षर घालून पुढचा मजकूर मोडीत लिहावा असा प्रघात कोणी पाडला नाही. मराठीच्या दोन लिप्या शेजारी राहिल्या. युरोपात मात्र तशाच दोन लिप्यांचे एकत्र कुटुंब झाले.

हे एकत्रीकरण एका गैरसमजातून पुरे झाले, ही इतिहासातील मोठी गमतीची गोष्ट आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी पोज्जो ब्राच्चोलिनी आणि निक्कोलो निक्कोली हे फ्लॉरेन्सचे विद्वान प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या शोधात होते. त्यांच्या हाती आलेल्या बहुतेक पोथ्या कॅरोलिंजियन काळातील अथवा त्या वळणाच्या होत्या. ते अक्षर प्राचीन रोमनांचेच आहे अशा समजुतीने मानवतावाद्यांनी त्याला 'प्राचीन लिपी' म्हटले आणि त्याचे अनुकरण केले. त्याच्या जोडीला त्यांनी खऱ्याखुऱ्या रोमन शिलालेखांवरील मोठी अक्षरे घेतली. १४७० मध्ये व्हेनिस येथे निकोला जेन्सनने जे खिळे पाडले, त्यांत ट्रेजनच्या काळची मोठी अक्षरे आणि शार्लमेनच्या काळची लहान अक्षरे एका मापात, एका रेषेवर, एका कुळातील असल्याप्रमाणे उभी राहिली. सुमारे सात शतकांचे अंतर शिशाच्या खिळ्यांत बुजून गेले.

मुद्रणालयाने या जोडीला नावही दिले. जुळाऱ्यापुढे उतरत्या घोडीवर खणांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठ्या अक्षरांचे खिळे, खालच्या पेटीत लहान अक्षरांचे. पेटीला इंग्रजीत 'केस' म्हणतात. त्यावरून 'अप्पर केस' आणि 'लोअर केस' ही नावे रूढ झाली आणि लाकडी पेट्या गेल्यावरही टिकून राहिली. वरच्या पेटीतील खण सारख्या आकाराचे असत. खालच्या पेटीत मात्र वारंवार लागणाऱ्या अक्षरांना मोठे खण आणि क्वचित लागणाऱ्यांना लहान खण मिळे. एका पेटीतील खणापासून दुसऱ्या पेटीतील जोडीदाराच्या खणापर्यंतचे अंतर प्रत्येक अक्षराला निराळे होते. ते जुळाऱ्याच्या हाताला पाठ असे. नियम म्हणून ते कोठे लिहिलेले नव्हते.

३

एकोणिसाव्या शतकातील तारायंत्राने या जोडीतील एका पक्षाला प्रथम रजा दिली. १८४४ मध्ये वापरात आलेल्या मोर्सच्या संकेतात लहानमोठेपणाला जागा नाही. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला पाच खुणा होत्या. पाच खुणांतून ३२ संकेत निघतात. २६ अक्षरे त्यांत बसतात, त्यांची दुप्पट बसत नाहीत. तारेने येणाऱ्या शब्दाला एकच रूप उरले आणि पुढे टेलिप्रिंटरने तेच रूप मोठ्या अक्षरांत कागदावर उमटवले. १८७४ मध्येच रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेला पहिला टंकलेखकही केवळ मोठी अक्षरे लिही. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात एका दांड्यावर दोन अक्षरे बसवून, एक कळ दाबल्यावर कागदाचा गाडा सरकवण्याची युक्ती आली. 'शिफ्ट' म्हणजे सरकवणे. संगणकाच्या कळफलकावर काहीही सरकत नाही. तरी कळीचे नाव तेच राहिले आहे.

प्रारंभीच्या संगणकांनी हा वारसा तसाच उचलला. त्यांपैकी अनेकांत अक्षरासाठी सहा अंश, म्हणजे ६४ जागा असत. २६ मोठी अक्षरे, १० अंक आणि विरामचिन्हे मांडल्यावर लहान अक्षरांसाठी जागा उरत नसे. १९५७ मध्ये आलेली फोरट्रॅन ही भाषा म्हणूनच आपादमस्तक मोठ्या अक्षरांत लिहिली गेली आणि तिचे नावही तसेच लिहिले जाई. १९९० च्या दशकारंभीच्या मानकापासून तिच्या नावात पहिले अक्षर मोठे आणि उरलेली लहान असा बदल झाला. भाषेच्या नावावरूनच तिचा काळ ओळखावा, अशी ही खूण आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' हा सात अंशांचा मानक संकेत प्रसिद्ध झाला. सात अंशांत १२८ जागा होतात. त्या पहिल्या आवृत्तीतही लहान अक्षरे नव्हती. त्यांच्यासाठी पुढे उपयोगी पडेल अशी जागा मात्र मोकळी होती. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती भरली गेली. मोठा 'ए' ६५ वर आणि लहान 'ए' ९७ वर. मोठा 'झेड' ९० वर आणि लहान 'झेड' १२२ वर. सर्व जोड्यांत अंतर ३२. द्विमान पद्धतीत ३२ हा एकच अंश असल्यामुळे मोठ्या आणि लहान अक्षरातील भेद एका दिव्याच्या उघडझापीइतका झाला. ही रचना योगायोगाची नव्हती. दोन शब्द लहानमोठेपणा बाजूला ठेवून ताडून पाहणे सुकर व्हावे, हा तीमागील हेतू होता. जुळाऱ्याच्या हाताला पाठ असलेली सव्वीस निरनिराळी अंतरे जाऊन त्यांच्या जागी एक अंतर आले.

४

या एका अंतराचा पुरेपूर लाभ घेणारी रचना म्हणजे अ‍ॅरे. १९७० च्या दशकारंभी विकसित झालेल्या 'सी' या भाषेत शब्द म्हणजे अक्षरांचा अ‍ॅरेच असतो. कप्प्यांत संकेतांक ठेवलेले असतात आणि अखेरच्या कप्प्यातील शून्य शब्द संपल्याची खूण देते. इंग्रजीत मोठ्या अक्षरांनी लिहिलेला 'इंडिया' हा शब्द घेतला, तर पाच कप्प्यांत ७३, ७८, ६८, ७३ आणि ६५ हे अंक असतात. प्रत्येकात ३२ मिळवताच १०५, ११०, १००, १०५ आणि ९७ होतात, आणि तोच शब्द लहान अक्षरांत उभा राहतो. कप्पे पाचच राहतात, क्रम तोच राहतो, कोणत्याही कप्प्याला शेजाऱ्याकडे पाहावे लागत नाही. शब्दांची यादी असेल तर अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असतो. बाहेरचा फेरा शब्दाशब्दावरून आणि आतला फेरा अक्षराअक्षरावरून फिरतो. पुढील काळातील अनेक भाषांत फेरा उघडपणे लिहावा लागत नाही. 'सर्व कप्प्यांवर ही क्रिया करावी' एवढी आज्ञा पुरते. क्रिया मात्र तीच.

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी १९७८ मध्ये 'सी' भाषेवर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात मोठ्या अक्षराचे लहान करणारी चारसहा ओळींची कृती दिलेली आहे. त्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा असा की ही कृती आस्कीपुरतीच खरी आहे, हेही तेथेच नोंदवलेले आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये आपल्या नव्या यंत्रमालेसाठी स्वीकारलेला 'एब्सिडिक' हा संकेत छिद्रपत्रांच्या वंशातला होता. त्यात मोठी अक्षरे १९३ पासून २३३ पर्यंत तीन तुकड्यांत विभागलेली होती आणि तुकड्यांच्या मध्ये अक्षर नसलेल्या जागा होत्या. तेथे 'पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांच्या दरम्यान जे असेल ते अक्षर' हा निकष लावला, तर मधल्या परक्या चिन्हांचेही रूपांतर होऊन बसे. म्हणजे इंग्रजीच्या हद्दीतसुद्धा हा नियम लिपीचा नव्हता. एका मांडणीचा होता.

तरीही सवय मोठी बलवत्तर असते. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत वापरणाऱ्याने आपले नाव मोठ्या अक्षरांत टंकले, तर समोरच्या यंत्राला लहान अक्षरे ठाऊकच नाहीत असे गृहीत धरले जाई आणि मग सारा मजकूर लहान अक्षरांत बदलून घेतला जाई. 'सी' भाषेने लहान व मोठ्या अक्षरांना भिन्न मानले. १९७० च्या पास्कल भाषेने अभिन्न मानले. मतभेद इतकाच होता. लहान-मोठ्याची जोडी एकास एक असते, परस्परांत उलटसुलट फिरवता येते आणि एका कप्प्यात मावते, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते.

५

या तिन्ही समजुतींना युरोपातीलच भाषांनी एकेक करून छेद दिला.

जर्मन भाषेत 'एस्सेट' नावाचे एक अक्षर आहे. ते शब्दाच्या आरंभी कधीच येत नसल्यामुळे त्याचे मोठे रूप घडण्याची वेळ आली नाही. सारा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावयाचा झाल्यास त्याच्या जागी दोन 'एस' लिहिण्याची रीत पडली. रस्ता या अर्थाचा 'श्ट्रासऽ' हा शब्द लहान अक्षरांत सहा कप्पे व्यापतो. मोठ्या अक्षरांत त्याला सात लागतात. जागच्या जागी रूपांतर करू पाहणारा प्रोग्रॅम येथे अडतो, कारण अ‍ॅरेत सातवा कप्पाच नाही. अडचण एवढ्यावर थांबत नाही. माप आणि वस्तुमान या अर्थांचे दोन जर्मन शब्द केवळ या अक्षराने वेगळे ओळखले जातात. दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहिले की ते एकरूप होतात आणि पुन्हा लहान करताना कोणता कोठला हे सांगता येत नाही. उलटसुलट फिरणारी वाट एका दिशेची ठरते. २००८ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतात एस्सेटच्या मोठ्या रूपाला स्थान मिळाले आणि २०१७ मध्ये जर्मन शुद्धलेखन परिषदेने त्याच्या वापराला मान्यता दिली. एका अक्षराला मोठेपण मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

ग्रीक भाषेतील 'सिग्मा' या वर्णाचे मोठे रूप एक, परंतु लहान रूपे दोन आहेत. शब्दाच्या आत एक आणि अखेरीस दुसरे. 'ओडिसियस' या नावाच्या ग्रीक लेखनात तीन सिग्मा येतात. मोठ्या अक्षरांत तिघेही सारखे. लहान करताना पहिल्या दोघांना एक रूप, शेवटच्याला निराळे. येथे प्रत्येक कप्प्याचा स्वतंत्र विचार करून भागत नाही. पुढच्या कप्प्यात अक्षर आहे की शब्द संपला, हे पाहावे लागते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण तुर्कस्तानचे आहे. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्की संसदेने अरबी लिपीऐवजी लॅटिन अक्षरे स्वीकारण्याचा कायदा संमत केला. तुर्कीत 'इ'च्या जवळपासचे दोन स्वतंत्र स्वर आहेत आणि स्वरसंवाद हा त्या भाषेच्या व्याकरणाचा कणा आहे. नव्या वर्णमालेत एका स्वरासाठी टिंब असलेला आणि दुसऱ्यासाठी टिंब नसलेला 'आय' घेतला गेला. भेद काटेकोर राहावा म्हणून मोठ्या रूपांतही तो राखला : टिंबवाल्याचे मोठे रूप टिंबवाले, बिनटिंबाच्याचे बिनटिंबाचे. तर्काच्या दृष्टीने ही व्यवस्था इंग्रजीपेक्षा अधिक सुसंगत आहे. इंग्रजीतच मोठे होताना 'आय'चे टिंब हरवते.

पण यंत्राचा नियम इंग्रजीवर बेतलेला होता. वर दिलेला 'इंडिया' शब्द तुर्की नियमाने लहान केला, तर पहिल्या व चौथ्या कप्प्यातील ७३ चे १०५ होत नाहीत. बिनटिंबाच्या लहान अक्षराचा युनिकोड-अंक ३०५ येतो. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठा अंक मावत नाही. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत त्या अक्षराला दोन बाइट लागतात आणि पाच बाइटांचा शब्द सात बाइटांचा होतो. याहून सूक्ष्म संकट उलट दिशेने येते. प्रोग्रॅमच्या अंतर्गत आज्ञा-शब्दांना मोठे करून ताडून पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. संगणकाची भाषा तुर्की ठेवली की त्या शब्दांतील 'आय'वर टिंब येई, ताळा जुळत नसे, आणि जगात अन्यत्र निर्दोष चालणारा प्रोग्रॅम तुर्कस्तानात बंद पडे. जावा या भाषेच्या अधिकृत माहितीपत्रातच या धोक्याची सूचना तुर्की उदाहरणासह दिलेली आहे. वस्तुतः तुर्की भाषेने कोणताही नियम मोडला नव्हता. दुसऱ्याच्या घरातील रीत सर्वांचा कायदा म्हणून यंत्रात शिरली होती.

१९९१ मध्ये पहिली आवृत्ती काढलेल्या युनिकोडला हे सारे अपवाद क्रमाने नोंदवावे लागले. क्रोएशियन भाषेतील काही जोड-अक्षरांसाठी तेथे लहान, मोठे आणि शीर्षकातले अशी तीन रूपे आहेत. अमेरिकेतील चेरोकी लोकांची लिपी सिक्वोया याने १८२१ च्या सुमारास सिद्ध केली. युनिकोडमध्ये ती प्रथम एकाच रूपात आली होती. २०१५ मध्ये तिची लहान रूपे जोडताना जुनी अक्षरे मोठी ठरवली गेली. त्यामुळे तुलनेसाठी इतर लिप्या लहान केल्या जातात, तर चेरोकी मोठी केली जाते. जॉर्जियन लिपीतील 'म्तावरुली' ही ठसठशीत अक्षरे २०१८ मध्ये मोठी रूपे म्हणून दाखल झाली. मात्र वाक्याच्या आरंभी मोठे अक्षर लिहिण्याची चाल त्या भाषेत नाही. लहानमोठेपणा हा अक्षराचा उपजत गुण नसून त्या त्या समाजाने त्याला दिलेले स्थान आहे, हे या नोंदींवरून दिसते.

६

देवनागरीला हा भेद ठाऊक नाही. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठी शब्दांच्या अ‍ॅरेवर मोठे-लहान करण्याची क्रिया चालवली तर एकही कप्पा बदलत नाही. क्रिया निमूटपणे वरून निघून जाते. त्यावरून मराठीला या इतिहासाशी कर्तव्य नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मराठी मजकूर पुष्कळ काळ लॅटिन अक्षरांच्या आश्रयाने संगणकात राहिला, आणि आश्रिताला यजमानाचे नियम लागू होतात.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे देवनागरीतील बराच मजकूर विशिष्ट फाँटांच्या साहाय्याने साठवला जाई. या फाँटांत लॅटिन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. अ‍ॅरेच्या कप्प्यांत मात्र इंग्रजी अक्षरांचे अंक असत. टंकलेखकाच्या मांडणीवर आधारलेल्या कृतिदेव या फाँटात लहान 'ई' म्हणजे 'म' आणि लहान 'यू' म्हणजे 'न'. त्यांचीच मोठी रूपे म्हणजे अर्धा 'म्' आणि अर्धा 'न्'. 'मन' हा शब्द यंत्राच्या लेखी १०१ आणि ११७ हे अंक होत. ती अक्षरे मोठी करण्याची आज्ञा दिली, तर ६९ आणि ८५ होऊन कागदावर 'म्न्' उमटते. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय शब्दलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये असते. इंग्रजीला उपकारक असलेल्या या सोयीने देवनागरीतील पहिल्या अक्षराचा पाय मोडावा, यात यंत्राचा दुष्टपणा नव्हता. कप्प्यात मराठी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

दुसरा प्रसंग लिप्यंतराचा. संस्कृत आणि आधुनिक भारतीय भाषा साध्या कळफलकावरून लिहिता याव्यात म्हणून हार्वर्ड-क्योटो आणि आयट्रान्स यांसारख्या पद्धती निघाल्या. प्राच्यविद्येच्या ग्रंथांत मूर्धन्य वर्णांखाली टिंब देण्याची रीत होती. ते टिंब आस्कीत नव्हते. म्हणून लहान 'टी' म्हणजे 'त', मोठा 'टी' म्हणजे 'ट'. लहान 'एन' म्हणजे 'न', मोठा 'एन' म्हणजे 'ण' अशी योजना झाली. आयट्रान्समध्ये लहान 'एल' म्हणजे 'ल' आणि मोठा 'एल' म्हणजे 'ळ'. इंग्रजीत शोभेपुरता किंवा व्याकरणापुरता असलेला भेद येथे उच्चाराचा आणि अर्थाचा भेद झाला. अशा पद्धतीने लिहिलेली मराठी शब्दसूची अकारविल्हे लावण्यापूर्वी कोणी सवयीने सर्व अक्षरे लहान केली, तर 'मन' आणि 'मण', 'वात' आणि 'वाट', 'काल' आणि 'काळ' या जोड्या जागच्या जागी एक होतात. हृदयाचे आणि धान्याच्या मापाचे नाव एक, समईतली आणि गावाकडे नेणारी एक. जर्मन माप आणि वस्तुमान यांची जी गत झाली तीच. ग्रंथालयाच्या सूचीत हे घडले तर वाचकाला चुकीचे पुस्तक मिळेल. कोशात घडले तर शब्दच नाहीसा होईल. यंत्र कोणतीही चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे नियमाप्रमाणे झालेले असते.

या संदर्भात गोव्यातील परंपरेचे स्मरण उचित ठरते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हे मराठी महाकाव्य १६१६ मध्ये राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. रोमन अक्षरांत भारतीय भाषा लिहिण्याची ती परंपरा गोव्यातील रोमी कोकणीत आजही चालू आहे. तिच्यात 'ट', 'ड', 'ण', 'ळ' हे वर्ण दर्शवण्यासाठी अक्षर दुबार लिहिण्याची रीत आहे. या लेखनात मोठे अक्षर वाक्याच्या आणि विशेषनामाच्या आरंभी येते. उच्चाराचा भार त्याच्यावर टाकलेला नाही. दुबार अक्षर लहान केले तरी दुबारच राहते आणि मोठे केले तरी दुबारच. देवळातील स्तोत्राच्या पुस्तकावर शीर्षक सर्वस्वी मोठ्या अक्षरांत छापले, म्हणून 'ण'चा 'न' होत नाही. संगणकाच्या कितीतरी शतके आधीची ही रीत या रूपांतरातून सुखरूप पार पडते. अवघ्या १२८ जागांत भारतीय वर्ण बसवण्याच्या निकडीतून निघालेली नवी रीत मात्र त्याच ठिकाणी कोसळते.

७

या साऱ्या अनुभवातून संगणकशास्त्राने दोन क्रियांमध्ये भेद करण्याचे शहाणपण घेतले. मजकूर वाचकाला दाखवण्यासाठी मोठा किंवा लहान करणे ही एक क्रिया. ती करताना भाषा कोणती हे सांगावे लागते. दोन शब्द ताडून पाहण्यासाठी त्यांतील लहानमोठेपणा तात्पुरता पुसणे ही दुसरी. तिला इंग्रजी परिभाषेत घडी घालण्याची उपमा आहे. घडी घातलेले रूप तुलनेपुरते निराळ्या अ‍ॅरेत ठेवावे आणि मूळ अ‍ॅरे अबाधित राखावा, असा संकेत जाणत्या प्रोग्रॅमकारांत रूढ झाला आहे. रूपांतरानंतर कप्प्यांची संख्या तीच राहील असे धरून चालू नये, हेही त्यासोबत आले. ज्या लिप्यंतरात मोठे अक्षर स्वतंत्र वर्ण म्हणून येते, तेथे ही घडी घालूच नये.

आस्की रचणाऱ्यांनी इंग्रजीपुरता एक सुबक नियम घडवला आणि त्या मर्यादेत तो आजही अचूक आहे. बाधा आली ती त्याची मर्यादा विसरली गेल्यामुळे. जुळाऱ्यापुढे दोन पेट्या असत, आणि कोणता खिळा कोणत्या खणातला हे ठरवताना तो पानावरील मजकुराची भाषा जाणत असे. यंत्राला ती जाण आपण होऊन येत नाही. ती लिहून द्यावी लागते. ती लिहून दिलेली असेल तर तुर्की स्वराचे टिंब, जर्मन शब्दाचे माप आणि मराठीतला 'ण' कप्प्याकप्प्यातून फिरूनही जसेच्या तसे परत येतात.